शंख कोरायचा की वाढवायचा? शिल्पकार, निसर्गाचे आकार आणि कॉम्प्युटर

परागकणासारखा काटेरी गोळा, प्रवाळासारखं चुण्या-चुण्यांचं काहीतरी, हाडासारखं पोकळ पण गुळगुळीत, असली शिल्पं हल्ली खूप बघायला मिळतात आणि बाजूला लिहिलेलं असतं की हे हस्तकला आणि डिजिटल तंत्र दोन्ही वापरून केलंय. मग बघणाऱ्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो कॉम्प्युटरनेच केलं ना, मग यात शिल्पकाराचं काय, आणि दुसरा म्हणतो वा काय टेक्नॉलॉजी आहे. मधे नक्की काय काय घडलं हे दोघांनाही कोणी सांगितलेलं नसतं, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

सुरुवात आकारापासून करू, मशीन नंतर. माणसाने बनवलेली वस्तू आणि निसर्गातली वस्तू यात एक मोठा फरक आहे. खुर्ची बनवताना आधी आकार ठरतो आणि मग ती बनते. शंखाचा आकार आधी कुणीच ठरवलेला नसतो, तो वाढता वाढता होतो. आतला जीव फक्त शंखाच्या तोंडाच्या काठावर नवा थर घालत जातो, गवंडी भिंतीच्या वरच्या थरावरच पुढची वीट ठेवतो तसं, मागचं काही मोडत नाही आणि बदलतही नाही. त्यामुळे शंख म्हणजे त्या जिवाच्या वाढीचा पूर्ण इतिहासच असतो, टोकाला लहानपण आणि तोंडाशी आजचा दिवस. आता शिल्पकारासमोर दोन रस्ते आहेत. एक म्हणजे शंख समोर ठेवून बाहेरून जसाच्या तसा कोरायचा. दुसरा म्हणजे तो वाढला कसा ते समजून घ्यायचं आणि तो नियम चालवून नवा शंख वाढवायचा, जो कुठल्याच समुद्रात नाहीये पण असू शकला असता. डिजिटल तंत्राने खरी भर घातली ती या दुसऱ्या रस्त्यावर.

हा नियम किती साधा असतो बघा. हेन्री मोस्ली या इंग्रज गणितज्ञाने १८३८ मध्येच शंखाच्या वळणाचं गणित मांडलं होतं, आणि १९६६ मध्ये डेव्हिड राउप या जीवाश्म-शास्त्रज्ञाने दाखवलं की तीन-चार आकडे बदलले की जवळपास सगळ्या प्रकारचे शंख-शिंपले मिळतात. एका वेढ्यात तोंड किती पट मोठं होतं, ते मधल्या अक्षापासून किती लांब आहे, दर वेढ्याला किती खाली सरकतं, आणि तोंडाचा स्वतःचा आकार कसा आहे. खाली सरकणं शून्य केलं तर नॉटिलस या समुद्री जिवाच्या शंखासारखी चपटी चकती मिळते, वाढवलं तर उंच मिनारासारखा शंख, आणि मोठं होण्याचा वेग खूपच वाढवला तर वेढे दिसतच नाहीत, सरळ शिंपला. हे आकार त्याने कॉम्प्युटरकडून काढून घेतले होते, आणि गंमत म्हणजे त्यातले बरेच शक्य आकार निसर्गात सापडतच नाहीत. शिल्पकाराला कामाची जागा हीच, ती रिकामी.

जाता जाता एक गैरसमज. नॉटिलसचा शंख म्हणजे गोल्डन रेशोचा, म्हणजे साधारण १.६१८ या प्रमाणाचा नमुना असं सगळीकडे छापलेलं असतं आणि ते बरोबर नाही. या प्रमाणावर बेतलेलं वळण, म्हणजे गोल्डन स्पायरल, एका पूर्ण वेढ्यात जवळपास ६.८५ पट वाढतं, नॉटिलसचं साधारण ३ पट. वळण त्याच जातीचं आहे, म्हणजे मोठं होतं पण आकार बदलत नाही असं, पण आकडा वेगळा. तरीही निसर्गरूपांवर काम करतो म्हणणारे काही जण प्रत्येक गोष्टीत १.६१८ कोंबतात आणि मग शिल्प का कोण जाणे पण मेलेलं दिसतं, तर कारण हे असतं.

गोल्डन रेशो खरंच जिथे आहे ती जागा म्हणजे सूर्यफूल. मधल्या चकतीत नवा दाणा आधीच्या दाण्यापासून साधारण १३७.५ अंश फिरून येतो. हाच कोन का? १२० अंश घेतला तर दर तीन दाण्यांनी एक फेरी पूर्ण होते आणि दाणे एकामागे एक येऊन तीन सरळ रेघा होतात आणि मधे जागा वाया जाते. ९० घेतला तर चार रेघा. कुठलाही साध्या अपूर्णांकाचा कोन घ्या, रेघा होणारच. १३७.५ हा गोल्डन रेशोतून येणारा कोन कुठल्याच साध्या अपूर्णांकाच्या नीट जवळ जात नाही, म्हणून दाणे एकमेकांच्या मागे लपत नाहीत आणि चकती गच्च भरते. डोळ्याला दिसणाऱ्या उलट्या-सुलट्या वळणांच्या रांगा मोजल्या तर ३४, ५५, ८९ असे फिबोनाचीचे आकडे (प्रत्येक आकडा म्हणजे आधीच्या दोन आकड्यांची बेरीज) बहुतेक वेळा मिळतात, पण ते नंतर दिसणारं आहे, झाडाने काही मोजलेलं नसतं.

१९७९ मध्ये हेल्मुट फोगेलने याचं एक सूत्र दिलं जे कुणीही चालवून बघू शकतो. दाण्याचा नंबर गुणिले १३७.५ हा कोन, आणि नंबरचं वर्गमूळ हे मधल्या बिंदूपासूनचं अंतर. वर्गमूळ का, तर वर्तुळाचं क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे वर्गमूळ घेतलं की प्रत्येक दाण्याच्या वाट्याला सारखीच जागा येते. पण हे सपाट चकतीपुरतं. शिल्पकाराला तेच अंड्याच्या आकारावर किंवा फुगीर बोंडावर बसवायचं असतं, तिथे वरच्या टोकाकडे दाणे लहान, पोटाशी मोठे, परत खाली लहान, असं जुळवावं लागतं आणि मग सूत्र बाजूला ठेवून डोळ्याने ठरवायची वेळ येते. पीटर रँडल-पेज या ब्रिटिश शिल्पकाराने कॉर्नवॉलमधल्या ईडन प्रोजेक्टसाठी अशाच वळणांच्या रांगांनी मढवलेलं ग्रॅनाइटचं एक प्रचंड बी घडवलं, २००७ मध्ये ते बसवलं, वजन जवळपास ७० टन. ग्रॅनाइटमध्ये एक उंचवटा उडाला तर तो परत चिकटवता येत नाही, म्हणजे गणित कितीही चोख असलं तरी शेवटी छन्नी धरणाऱ्याला दगड कळावाच लागतो.

याच कोनाचा एकदम वेगळा उपयोग जॉन एडमार्क या अमेरिकन कलाकाराने केलाय. त्याची थ्रीडी प्रिंट केलेली छोटी शिल्पं फिरवली आणि वरून चमकता प्रकाश टाकला की ती उमलताना दिसतात, पाकळ्या मधून निघून खाली वाहत जातात असं वाटतं. व्हिडिओ एडिटिंग वगैरे काही नाही. शिल्प मिनिटाला ५५० फेऱ्या फिरतं आणि कॅमेरा सेकंदाला २४ फ्रेम घेतो, म्हणजे दोन फ्रेमच्या मधे शिल्प ०.३८२ फेरी फिरतं आणि ती करा गुणिले ३६०, येतात १३७.५ अंश! प्रत्येक फ्रेमला एका पाकळीच्या जागी तिच्यापेक्षा एक नंबर पुढची किंवा मागची पाकळी येऊन उभी राहते आणि आपल्या डोळ्याला ती एकच पाकळी सरकतेय असं वाटतं. हे मला फार आवडतं, कारण इथे गणित नुसतं नक्षीला वापरलेलं नाही, झाड ज्या क्रमाने वाढतं तो क्रमच दाखवलाय.

आता चुण्या. लेट्यूसच्या पानाची कड, कोंबड्याच्या तुऱ्यासारख्या दिसणाऱ्या फुलाची घडी, काही प्रवाळ, समुद्री गोगलगायींच्या झालरी, हे सगळं एकाच कारणाने होतं, ते म्हणजे कड मधल्या भागापेक्षा जास्त वेगाने वाढते. जास्तीची लांबी मावायला सपाट जागा नसते, मग ती वर-खाली दुमडते. चुण्या कुठे पडाव्यात हे कुठेही लिहिलेलं नसतं, फक्त कडेने जास्त वाढायचं एवढंच. जेसिका रोझेनक्रांत्झ आणि जेसी लुई-रोझेनबर्ग यांनी २००७ मध्ये सुरू केलेला नर्व्हस सिस्टिम नावाचा अमेरिकन स्टुडिओ नेमकं हेच सॉफ्टवेअरमध्ये करतो. सुरुवातीला एक छोटी चकती घ्यायची, कडेच्या बिंदूंना वाढायला सांगायचं, दोन बिंदू फार लांब गेले की मधे नवा बिंदू घालायचा, एकमेकांत घुसायचं नाही अशी ताकीद द्यायची, आणि बघत बसायचं. यात शिल्पकार आकार काढतच नाही, कुठे वेग जास्त आणि कुठे कमी ते सांगतो, आकार त्यातून येतो. पसंत नाही पडला तर आकाराला हात लावायचा नाही, नियम बदलायचा आणि परत वाढवायचा. सवय व्हायला वेळ लागतो म्हणतात आणि ते पटण्यासारखं आहे, कारण हात शिवशिवत असतात.

पण इथे हस्तकला कॉम्प्युटरच्या मागे नव्हती हे सांगायलाच हवं. अशा चुण्यांच्या पृष्ठभागाला गणितात हायपरबॉलिक म्हणतात आणि तो टिकाऊ स्वरूपात हातात कसा द्यायचा हा गणित शिकवणाऱ्यांना वर्षानुवर्षं पडलेला प्रश्न होता. कागदाचे तुकडे चिकटवून मॉडेल करायचे आणि ते फाटायचे. १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या डायना टायमिना यांनी ते चक्क क्रोशाने विणलं. दर ठराविक टाक्यांनंतर एक टाका जास्तीचा घालायचा, बास, चुण्या आपोआप. पुढे मार्गरेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या बहिणींनी २००५ पासून याच तंत्राने लोकरीचं प्रवाळ-बेट विणायला घेतलं आणि त्यात हजारो विणणाऱ्या सामील झाल्या. सुई चालवणाऱ्या बायका पिढ्यानपिढ्या झालरी विणत आल्यात. नियम पाळून आकार वाढवणं ही कॉम्प्युटरची मक्तेदारी नाही, तो ते फक्त भराभर करतो आणि कंटाळत नाही.

प्राण्यांच्या अंगावरचे पट्टे आणि ठिपके हा आणखी एक मोठा विषय आहे, ॲलन ट्युरिंग या ब्रिटिश गणितज्ञाने १९५२ मध्ये दाखवलं की दोन रसायनं वेगवेगळ्या वेगाने पसरत एकमेकांशी भांडली की अंगावर नक्षी उमटू शकते, आणि आज शिल्पांवर जी मेंदूच्या वळ्यांसारखी नक्षी दिसते ती बऱ्याचदा याच गणिताने केलेली असते. इतकी की आता जरा अतीच झालीय.

बरं, सगळेच काही नियमातून वाढवत बसत नाहीत. अनेक जण खरं हाड किंवा बी घेतात आणि स्कॅन करतात. स्कॅनचे ढोबळ तीन प्रकार. एक, वस्तूचे सगळ्या बाजूंनी भरपूर फोटो काढायचे, सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोतले सारखे ठिपके ओळखून त्यावरून आकार उभा करतं, याला फोटोग्रामेट्री म्हणतात आणि हे मोबाईलवरही होतं. दोन, लेझर किंवा पट्ट्यांचा प्रकाश टाकून मोजणारा स्कॅनर. तीन, सीटी स्कॅन, जो आतलंही दाखवतो. पहिले दोन फक्त कातडी देतात. चकचकीत, पारदर्शक किंवा बारीक केसाळ वस्तूवर ते गडबडतात, म्हणजे पंख आणि लव असलेलं बी त्यांना जमत नाही, आणि शंखाच्या आत जिथे प्रकाशच पोचत नाही तिथे भोक राहतं. सीटी केलं तर आतले सगळे वेढे दिसतात, आणि हाड असेल तर आतली जाळीसुद्धा, जी वजन जिथे येतं तिथे दाट आणि बाकी ठिकाणी विरळ असते. शिल्पकाराला हे बघून जे कळतं ते बाहेरून कितीही वेळ निरखून कळलं नसतं.

स्कॅनमधून जे मिळतं त्याला मेश म्हणतात, म्हणजे लाखो छोट्या त्रिकोणांची जाळी. ती आतून पोकळ असते, तिला जाडी नसते, आणि कुठेतरी फाटलेली असतेच. प्रिंट करायची तर ती पूर्ण बंद असावी लागते, नाहीतर आत काय आणि बाहेर काय हे मशीनला कळत नाही. म्हणून पहिले कित्येक तास भोकं बुजवण्यात जातात, फार कंटाळवाणं काम आणि ते कुणी फोटोत दाखवत नाही. आणखी एक बारीकशी गोष्ट, मिरर करायचं बटण. बहुतेक शंखांचा पीळ एकाच बाजूचा असतो, टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं तर तोंड उजव्या हाताला येतं. फाईल चुकून उलटी झाली तर शिल्प दिसायला छान दिसेल पण शंख ओळखणारा माणूस लगेच भुवया उंचावेल.

पडद्यावर डिजिटल मातीत काम करायची सॉफ्टवेअर असतात, पेनने दाबलं की खड्डा, ओढलं की उंचवटा. हातात माती घेऊन काम केलेल्या माणसाला त्यात सुरुवातीला एकच गोष्ट खटकते, तिथे काहीच पडत नाही. खऱ्या मातीत पसरलेला हात करायचा तर आत तारेचा सांगाडा लागतो, नाहीतर संध्याकाळपर्यंत तो खाली लोंबतो. पडद्यावर दहा किलोचा भाग केसाएवढ्या देठावर तरंगतो आणि कोणी काही म्हणत नाही. शिवाय झूम. एक सेंटिमीटरचा काटा पडदाभर मोठा करून त्यावर नक्षी काढत बसलं की प्रिंट झाल्यावर ती दिसतही नाही. जुने शिल्पकार दर थोड्या वेळाने चार पावलं मागे जाऊन बघायचे, त्याला झूम आउट हा पर्याय नाही असं माझं ठाम मत आहे, कारण मागे गेल्यावरही आपलं शरीर त्याच खोलीत असतं आणि वस्तू आपल्यापेक्षा मोठी की लहान हे अंगाला कळत राहतं. फाईलला हे कळत नाही. प्रिंटिंगसाठी सर्रास वापरली जाणारी एसटीएल फाईल तर नुसते आकडे ठेवते, ते मिलिमीटर आहेत की इंच हे त्यात लिहिलेलंच नसतं.

आणि निसर्गाचे आकार मोठे करणं हे वाटतं तेवढं निरागस नाही. एक सेंटिमीटरचं बी एक मीटरचं करायचं म्हणजे लांबी १०० पट. पृष्ठभाग होतो १०,००० पट आणि वजन १०,००,००० पट. देठाची ताकद त्याच्या आडव्या छेदावर अवलंबून, म्हणजे ती वाढली १०,००० पटच. वजन मात्र दहा लाख पट, म्हणजे देठावर आधीच्या १०० पट ताण. गॅलिलिओने १६३८ मध्येच हे मांडलं होतं, मोठ्या प्राण्याची हाडं लहान प्राण्याच्या हाडांच्या नुसत्या मोठ्या प्रती असून चालत नाहीत, ती प्रमाणाबाहेर जाड व्हावी लागतात. म्हणून शिल्पकाराला देठ जाड करावा लागतो किंवा आत स्टील लपवावं लागतं किंवा वस्तू पोकळ करावी लागते. आणि देठ किती जाड केला की तो अजूनही देठ वाटतो आणि कधी खांब वाटायला लागतो, हे सांगणारं बटण कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही.

फाईल तयार झाली की ती बाहेर काढायची. थ्रीडी प्रिंटिंग नवं वाटतं पण चक हल या अमेरिकन इंजिनिअरने त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला १९८४ मध्ये आणि ते मिळालं १९८६ मध्ये. वस्तूचे पातळ आडवे थर करून एकावर एक घालत जायचं. प्लॅस्टिकची तार वितळवून काम करणाऱ्या प्रिंटरचा थर साधारण ०.२ मिलिमीटरचा, म्हणजे २० सेंटिमीटर उंच शिल्पाला १००० थर. हवेत थर घालता येत नाही, साधारण ४५ अंशांपेक्षा जास्त बाहेर झुकलेल्या भागाला खालून टेकू लागतो आणि तो नंतर तोडून तिथे घासत बसावं लागतं. प्रवाळासारख्या आकारात तर टेकूच टेकू, ते काढताना नाजूक कडा मोडणं ही नेहमीची रड. आत पूर्ण भरीव न करता जाळी भरतात, आणि त्यातला एक लोकप्रिय पर्याय आहे जायरॉइड, म्हणजे सगळ्या दिशांना वळत जाणारा एक सलग पृष्ठभाग. तो १९७० मध्ये नासात काम करणाऱ्या ॲलन शोन यांनी शोधला आणि नंतर लक्षात आलं की काही हिरव्या फुलपाखरांच्या पंखांवरच्या खवल्यांत हीच रचना असते. म्हणजे शिल्पकाराने बाहेरून काहीही केलेलं असो, आत बऱ्याचदा फुलपाखराची रचना बसलेली असते आणि ती कुणाला दिसत नाही.

प्रिंट हे बहुतेक वेळा शेवटचं काम नसतंच. त्यावर घासणं, भरणं, परत घासणं, मग त्याचा साचा, साच्यात मेण, मेणाभोवती उष्णता सोसणारं कवच, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत वितळलेलं ब्राँझ. ही पद्धत हजारो वर्षं जुनी आहे, फक्त पहिली पायरी बदललीय, काही जण तर जळून जाणारा प्रिंटच थेट मेणाच्या जागी वापरतात. ब्राँझ थंड होताना साधारण दीड-दोन टक्के आक्रसतं, म्हणून फाईल तेवढी मोठी ठेवावी लागते, भाजलेल्या मातीत तर हे प्रमाण मातीप्रमाणे दहा टक्क्यांच्या आसपासही जातं. ओतल्यावर धातू आत जाण्यासाठी ठेवलेल्या नळ्या कापणं, सांधे जोडणं, कानशीने साफ करणं आणि शेवटी रसायन आणि ज्योतीने रंग चढवणं, ही सगळी हाताची कामं. मशीनचे थर दिसू द्यायचे की पुसायचे हा निर्णयही इथेच होतो. माझ्या मते निसर्गरूपाच्या शिल्पात ते दिसले तर बिघडत नाही, शंखावरही वाढीच्या रेषा असतातच, पण त्या कडेने जातात आणि प्रिंटरच्या मात्र आडव्या, त्यामुळे शिल्प प्रिंटरमध्ये कुठल्या दिशेने ठेवलं यावर ते शोभतं की नाही हे ठरतं.

राहिला सुरुवातीचा वाद, की मशीन वापरलं म्हणजे शिल्पकार कमी झाला का. संगमरवरात काम करणारे पूर्वी मातीच्या किंवा प्लॅस्टरच्या नमुन्यावरून दगडात मापं नेण्यासाठी पॉइंटिंग मशीन वापरायचे, सुई असलेली एक चौकट, आणि कोरणारे कारागीर बऱ्याचदा वेगळेच असायचे. फ्रेंच शिल्पकार रोदँच्या द थिंकरचं मूळ शिल्प ७० सेंटिमीटरच्या आसपास होतं, त्याचं मोठं रूप आंरी लेबोसे या कारागिराने मशीनच्या मदतीने केलं. ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर हाडं, गारगोट्या, शिंपले गोळा करायचा, त्यावर प्लॅस्टर किंवा माती लावून हातात मावेल एवढं काहीतरी करायचा, आणि त्यातलं जे टिकेल ते मदतनीस मोठं करायचे. म्हणजे मोठं करणं, मापं नेणं, प्रत काढणं ही कामं शिल्पकाराने दुसऱ्याकडे देणं जुनंच आहे. नवीन आहे ते हे की आता आकार सुचवण्याचं कामही थोडंसं नियमाकडे जातं, आणि पन्नास वाढलेल्या आकारांतून एकोणपन्नास फेकायची जबाबदारी शिल्पकारावर येते.

काही ठिकाणी तर हे काम तिसऱ्याकडेच, म्हणजे जिवंत किड्यांकडे जातं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये नेरी ऑक्समन यांच्या टीमने सिल्क पॅव्हेलियन नावाचा घुमट केला. मशीनने चौकटींवर रेशमाचे धागे ताणले आणि त्यावर ६,५०० रेशीमकिडे सोडले. कोष करायला अळीला उभा आधार लागतो, तो नाही मिळाला की ती सपाट चादर विणते, हे त्यांनी आधी अभ्यासून ठेवलं होतं. प्रकाश आणि उष्णता टाळत अळ्या सावलीच्या बाजूला जास्त गेल्या आणि तिथे विण दाट झाली.

एक व्यावहारिक भानगड उरतेच, ती प्रतींची. ब्राँझचा साचा ओतून ओतून खराब होतो, त्यामुळे प्रतींवर आपोआप मर्यादा यायची, आणि फ्रान्समध्ये तर मूळ शिल्प म्हणून धरायच्या ब्राँझ प्रती जास्तीत जास्त १२ असा नियमच आहे. फाईल झिजत नाही. शिवाय नियमातून वाढवलेल्या शिल्पाला दरवेळी वेगळा आकडा दिला तर प्रत्येक प्रत वेगळीच निघते, मग त्या बारा प्रती की बारा शिल्पं? काही शिल्पकार ठराविक प्रती काढून फाईल पुसून टाकतात, काही जण फाईल सगळ्यांना मोफत देतात आणि सही फक्त स्वतः घासून-रंगवून पूर्ण केलेल्या शिल्पावर करतात.